बारा कोंबड्या

औषधाच्या कपाटाने तिसऱ्यांदा तेच ऐकवलं. "हे औषध माणसांना परवानगीशिवाय देता येत नाही, ते राखून ठेवलं आहे. जास्त वापरलं तर जंतू दाद देणार नाहीत. परवानगीला नऊ दिवस लागतील."

डॉ. हेमलता चौगुले यांनी काचेवर हात आपटला. आत सेफॅलोस्पोरिनच्या बाटल्या समोर दिसत होत्या. टायफॉइडवर आता तेवढं एकच औषध चालत होतं. मागे खाटेवर आठ वर्षांची तेजल तापाने फणफणली होती, पोट टम्म फुगलं होतं. आतडं फुटायला नऊ दिवस लागणार नव्हते.

"या औषधाचं संशोधन आमच्याच वस्तीवर झालं," तेजलची आई सुगंधा म्हणाली. "तेव्हा सुया टोचायला बरी मिळाली परवानगी. आणि मी पोल्ट्रीत राबते, तिथं कोंबड्या लवकर भराव्यात म्हणून त्यांना हेच रोज पाण्यातून पाजतात. त्यानं जंतू माजत नाहीत होय?"

"तिथंच माजतात," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण पोल्ट्रीवाल्यांनी सूट मिळवलीय. माणसांसाठी कोण भांडणार?"

बोलता बोलता त्या थांबल्या. माणसं-जनावरं, तालुक्यातल्या सगळ्यांची औषधं याच कपाटातून निघत. त्यांनी पडद्यावरचा 'माणूस' खोडून 'कोंबडी' लिहिलं. वजन, चोवीस किलो.

"एवढी कोंबडी नसते," कपाट म्हणालं.

"बारा लिहा बाई," सुगंधा म्हणाली. "दोन-दोन किलोच्या."

"औषध कशासाठी?" कपाटाने विचारलं.

बाईंनी आधी 'जीव वाचवण्यासाठी' लिहिलं. मग दात आवळून ते खोडलं आणि लिहिलं, 'वजन वाढवण्यासाठी.'

कपाट लगेच उघडलं.