बिनवायरीची तबकडी

मास्तरांनी फोन चार्जिंगच्या तबकडीवर ठेवला. दिवा लाल. बोटभर सरकवला. तरी लालच.

"उलटा ठेवून बघा," बायको म्हणाली.

"फोन आहे तो. उलटसुलट करायला शर्ट नव्हे."

तबकडी लेकीने पाठवली होती, ती मास्तरांच्या कात्रीच्या धसक्याने. कापड बेतण्याच्या ओघात त्या कात्रीने चार्जरच्या किती वायरी खाल्ल्या त्याचा हिशेब नाही. एकदा तर तिने एका गिऱ्हाइकाची सावलीसुद्धा चार बोटं आखूड केली, असं बायको शपथेवर सांगते. "बाबा, आता कापायला वायरच नाही," असं लेक ती पाठवताना हसत म्हणाली होती.

आज ती दवाखान्यात होती. ऑपरेशनला आत नेण्याआधी एकदा फोन करणार होती. घरात फोन हा एकच, आणि तो शेवटच्या टक्क्यावर धुगधुगत होता.

"पण मी म्हणते, ही भिंतीतून आलीय ती वायर नाही तर काय आहे?"

"ती तबकडीची. फोनची नाही."

"म्हणजे वायर आहे."

"आहे."

"आणि नाही."

"नाही," मास्तर म्हणाले आणि स्वतःच गोंधळले.

तेवढ्यात दिवा हिरवा झाला. मास्तरांनी श्वास रोखून कानामागचा खडू काढला आणि गिऱ्हाइकाचं माप आखावं तशी फोनभोवती रेघ मारली. आता हा रेघेबाहेर जाऊन दाखवू दे!

गेला. इस्त्रीखाली सापडल्यापासून त्या फोनची घंटी आणि स्पीकर दोन्ही जळून गेली होती; ऐकायचं तर कानालाच लावावा लागे. फोन आला की तो नुसता हिव भरल्यासारखा थरथरायचा. थरथरत तो रेघेबाहेर सरकला. मास्तरांनी झडप घालून उचलला.

"बाबा—"

पडदा काळा.

मास्तरांनी तो मुकाट्याने रेघेत परत ठेवला. बायको देवाचं नाव घेत राहिली, दिव्याकडे बघून. बऱ्याच वेळाने पडदा उजळला आणि फोन पुन्हा थरथरला. या खेपेला मास्तरांनी तो दोन्ही हातांनी जागच्या जागी दाबून धरला, अंगठ्याने कॉल घेतला आणि कंबरेत वाकून त्यावर कानच टेकवला.

"बाबा, आवाज असा दबका का येतोय? झोपला होतात?"

"नाही गं. वाकलोय जरा. बटण पडलंय."

"मला आत नेतायत. आई आहे ना तिथे?"

बायकोने पलीकडून डोकं खाली घातलं. दोघांची टाळकी आपटली.

"सरका की जरा!"

"अगं, ढकलू नकोस, लाल होईल!"

"काय लाल होईल?" लेकीने विचारलं. "बाबा, ती तबकडी चालते ना? उपयोग होतोय ना?"

मास्तरांचा गाल टेबलाला चिकटला होता, मान धरली होती.

"फक्कड चालते," ते म्हणाले. "तू जा बिनघोर. मी इथेच आहे."

लेकीने फोन ठेवला. बायकोने पाठ सरळ केली, डोळे पुसले.

"उठा आता. बोलणं झालं."

मास्तर उठले नाहीत. कानाखाली फोन तापत चालला होता, लहान मुलाचं कपाळ तापावं तसा.

"गरम होतोय गं," ते म्हणाले.

"मग हे चांगलं की वाईट?"

"काही कळत नाही," मास्तर म्हणाले, आणि त्यांनी कान तसाच टेकवून ठेवला.