बिनपासवर्डचं घर

"धमकीचा मेल तुमच्या घरच्या इंटरनेटवरून गेलाय," दारात उभ्या पोलीस अधिकारी बाई म्हणाल्या. "आज सकाळी, पेपर सुरू व्हायच्या तासभर आधी."

चष्म्याच्या दुकानाचा मालक जेवता जेवता उठला होता. त्याने नकळत मागे पाहिलं. मुलगी ताटावर बसलेली होती. तिच्याच कॉलेजात स्फोट होणार म्हणून मेल आला होता. परीक्षा रद्द झाली, पळापळीत जिन्यावरून पडून एका शिक्षिकेचा हात मोडला. मुलगी घरी आली तेव्हा तिच्या तोंडातून शब्द फुटत नव्हता.

आणि कालच पुस्तक आपटून ती म्हणाली होती, "जळून जाऊ दे ते कॉलेज!"

"मुलगी त्याच कॉलेजात ना?" बाईंनी विचारलं. "सकाळी कुठे होती?"

"झोपली होती," तो पटकन म्हणाला. "मीच उठवलं. उशीर झाला म्हणून धावतपळत गेली."

मुलीचा हात ताटातच थांबला. ती बापाकडे बघत राहिली.

"झोपली कुठली?" स्वयंपाकघरातून त्याची मोठी बहीण पदराला हात पुसत बाहेर आली. "अरे, पहाटेपासून गॅलरीत घोकत बसली होती पोरगी. तूच नाही का तिला चहा नेऊन दिलास?"

अधिकारी बाईंनी बापाकडे पाहिलं, मग मुलीकडे.

"मुलीचा फोन बघावा लागेल," बाई म्हणाल्या. "आणि वायफायची पेटीही. पासवर्ड सांगा."

"नाही."

"सांगणार नाही?"

"तसं नाही हो. पासवर्डच नाहीये."

"मीच काढायला लावला," बहीण म्हणाली. "आल्यागेल्याने विचारायचं, मग आम्ही चष्मा शोधायचा, मग ती मुंगीएवढी अक्षरं वाचायची. खालच्या पायरीवर बसून चार लोक वापरतात, वापरू देत. आपलं काय झिजतं?"

बाईंनी कपाळाला हात लावला आणि लॅपटॉप उघडला. "घरात फोन किती?"

"तीन."

"इथे आत्ता नऊ जोडलेत. मावशी, तुमचं झिजत काही नाही, पण पायरीवर बसून कुणी काहीही केलं तरी नाव तुमच्या घराचं येतं. आणि घरातलं काय काय त्याला दिसत असेल ते वेगळंच."

बहीण मटकन खुर्चीत बसली.

बाई सकाळच्या नोंदी खाली खाली सरकवत गेल्या. एका जागी थांबल्या. मुलीचा फोन हातात घेऊन त्यांनी तो त्या नोंदीशी ताडून पाहिला, मग चौकीत फोन लावला. "कॉलेजातून संशयावरून ती दोन पोरं आणलीत ना? त्यांचे फोन बघा. वायफायच्या नोंदीत उमटलेला फोनचा क्रमांक मी सांगते, तो जुळतो का ते कळवा."

सगळे वाट बघत राहिले. मुलगी आत्याच्या खुर्चीपाशी जाऊन उभी राहिली. बाप तिच्याकडे बघायचं टाळत होता.

फोन वाजला. बाईंनी ऐकून घेतलं. आल्यापासून पहिल्यांदाच त्यांचा चेहरा सैल झाला.

"सापडला. हिच्याच कॉलेजातला, शेजारच्या वर्गातला मुलगा आहे. कबूलही केलं. स्वतःच्या घरून पाठवायची छाती नव्हती, म्हणून कुणाचं वायफाय उघडं आहे ते शोधत गल्लोगल्ली हिंडला. तुमच्या पायरीवर बसून पाठवला." त्यांनी मुलीचा फोन तिच्या हातात दिला. "घाबरलीस?"

मुलीने मान हलवली आणि तिला रडू फुटलं. आत्याने तिला पोटाशी धरलं आणि ती स्वतःच मोठ्याने हसायला लागली, डोळे गळत असताना. बापाने भिंतीला टेकून एवढा मोठा श्वास सोडला, की अधिकारी बाईंनाही हसू आलं.

"तुमची ती झोपेची गोष्ट मी ऐकलीच नाही," दाराशी त्या त्याला म्हणाल्या. "पासवर्ड मात्र आजच टाका."

दार लागलं. मुलीने डोळे पुसले.

"बाबा, खोटं का बोललात?"

"तुला वाचवायला, बाळा."

"कशातून?"

तो पेटीशी जाऊन खटपट करत बसला. काही जमेना, तसा त्याने फोन मुकाट्याने तिच्यापुढे धरला. तिने त्याच्याजवळ बसून भराभर काहीतरी टाईप केलं. पेटीवरचा दिवा एकदा विझून पुन्हा लागला. घरातल्या सगळ्या फोनचं वायफाय तुटलं.

"काय ठेवलास पासवर्ड?" त्याने हळूच विचारलं.

"सांगते ना," ती त्याच्या खांद्यावर डोकं टेकत म्हणाली. "विचारलंत तर मी सगळंच सांगते."