नऊ सेंटिमीटर

"हे नऊ कसे काय, काका?"

पाणी खात्याच्या मॅडमनी वही समोर फिरवली. पट्टीवाल्या काकांनी चष्मा पुसला आणि वाकून बघितलं. चार वर्षांपूर्वीचा, ऐन उन्हाळ्यातला एक दिवस. आदल्या दिवशी ओढ्याचं पाणी चोवीस सेंटिमीटर, दुसऱ्या दिवशी तेवीस, आणि मधेच नऊ.

"असेल काहीतरी," काका म्हणाले.

नऊ आपण लिहिले कधी? इतकं खाली जायचं धाडस तर आपल्याला कधीच झालं नव्हतं. वय झालं, दुसरं काय.

ऑफिसच्या खोलीला एकच खिडकी होती, तीही गंजून बसलेली. टेबलावर वर्षाला एक अशा सव्वीस वह्या रचल्या होत्या. दरीत उतरायचं, ओढ्यात रोवलेली पट्टी सकाळी सात वाजता वाचायची, आकडा वहीत लिहायचा. काकांची नोकरी एवढीच. पट्टी वाकेल पण पट्टीवाले काका वाकणार नाहीत, असं गाव चेष्टेनं म्हणायचं.

"मी जरा स्पष्टच सांगते," मॅडम म्हणाल्या. "गावाला पाणी द्यायचे तीन मार्ग आहेत. बोअर खोल नेलं तर फ्लोराइड लागतंय, मुलांचे दात आणि हाडं जातील. धरण बांधलं तर दरीतलं सगळं जंगल बुडेल आणि खालची वाडीही."

खालच्या वाडीत काकांची लेक राहत होती. गेल्या वर्षीच तिनं घरावर नवे पत्रे घातले होते.

"तिसरा मार्ग मला मनापासून आवडलाय. ओढ्यावर लहानसा बंधारा. मासे जगतील, खालच्या सात गावांनाही पाणी जाईल. अट एकच, ओढा उन्हाळ्यात वाहता हवा. तो वाहतो हे फक्त तुमच्या वह्या सांगतात. त्यांच्या भरवशावर मी आज दुपारी पाणीयोजनेच्या समितीला अहवाल देणार आहे."

काकांनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

अकरा वर्षांपूर्वी दरीच्या पायऱ्यांवरून ते घसरले होते. खुबा मोडला. कळवलं असतं तर दुसरा माणूस नेमला असता. दोन महिने अंदाजानं लिहू, मग उतरूच, असं ठरवलं. त्या दोन महिन्यांची अकरा वर्षं झाली. सकाळचा चहा झाला की ते खाटेवर बसून पेन्सिलीनं एक आकडा लिहीत. हात कापायचा आणि ऑफिसला शाई लागायची. म्हणून शेळ्या फिरवून बायको परतली की तिच्या ओल्या चपला उंबऱ्याशी पालथ्या पडत आणि ती खाली मान घालून आकडा शाईनं गिरवी. काका पुन्हा त्या पानाकडे बघत नसत. बघवतच नसे.

गप्प बसावं तर लेकीचं घर वाचतं. पण ओढा उन्हाळ्यात खरंच आटत असला तर? बंधारा त्याचा शेवटचा घोट पिऊन टाकेल आणि खालची सात गावं कोरडी पडतील. इकडे आड, तिकडे विहीर.

"मॅडम, ते नऊ खोटे आहेत," काका म्हणाले. "अकरा वर्षांचं सगळंच खोटं आहे. मी खाली उतरतच नाही."

मॅडमचं पेन थांबलं.

"चेष्टा करताय?"

"या वयात?" त्यांनी काठी पुढे केली. "पहिल्या पंधरा वह्या देवाशपथ खऱ्या आहेत."

"पंधरा वर्षं चालणार नाहीत, काका. त्यानंतर वरच्या डोंगरावरची झाडं तुटली. ओढा तो राहिलेला नाही." त्यांनी वह्यांचा गठ्ठा पुढे ओढला. "तुमच्याऐवजी कुणी जायचं का? घरातलं? नीट आठवा. कुणी गेलं असेल तर या वह्या मला वाचवता येतील."

बायकोला यात ओढतील, या विचारानंच काका ताठ झाले.

"कुणी नाही. ती फक्त मी लिहिलेलं गिरवायची. तिचा काडीचा संबंध नाही."

"तसं लिहून द्याल?"

काकांनी लिहून दिलं आणि खाली सही केली. मॅडमनी एकेक करून अकरा वह्यांवर लाल रेघ मारली.

"एक उन्हाळा मिळाला असता तर मीच मोजलं असतं. समिती थांबणार नाही."

"मग आता?"

बंधाऱ्याची फाईल मॅडमनी बाजूला सारली आणि धरणाची जवळ ओढली.

काका घरी आले तेव्हा बायको शेळ्यांना पाला टाकत होती. त्यांनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. ऐकता ऐकता ती खाली बसली.

"असं कसं बोललात हो? मला विचारायचं तरी!"

"घाबरू नकोस. तुझं नाव मध्ये येऊ दिलं नाही मी. घरातून कुणीच कधी खाली उतरलं नाही, असं स्पष्ट लिहून दिलंय."

तिच्या हातातला पाला शेळीनं ओढून नेला. तिचं लक्ष नव्हतं.

"त्या एका नऊनं घात केला बघ," काका खाटेवर टेकत म्हणाले. "कुठल्या तंद्रीत लिहिले होते, कोण जाणे."

"तुम्ही पंचवीस लिहिले होते," ती म्हणाली. "त्या दिवशी वर कुणीतरी मासे धरायला ओढा अडवला होता. पट्टीवर नऊच होते, माझा जेमतेम घोटा भिजला."