कोबीतलं मीठ

धाकटीने कोबीची चिमूट तोंडात टाकली आणि तोंड वाकडं केलं. खारट! साधासुधा नाही, जीभ चरचरेल असा खारट.

काल संध्याकाळी तिनेच चिरलेल्या कोबीला मीठ चोळून पातेलं फ्रीजमध्ये ठेवलं होतं. रात्रभरात पाणी सुटतं, सकाळी पिळून घ्यायचं, लिंबू, तेल, मिरपूड घातली की सॅलड तयार. मग हे दुप्पट मीठ आलं कुठून? कुठून म्हणजे काय, थोरल्या जाऊबाईंच्या हातून! त्यांनीही मागाहून येऊन चोळलं असणार. विचारलं असतं तर कळलं असतं. पण विचारणार कोण? दोघींचा अबोला होता.

आणि सासूबाईंनी तर कालच ठणकावलं होतं, "उद्या सगळं गणगोत अंगणात जेवायला येतंय. बाकीचं मी बघते, सॅलड तेवढं दोघींनी मिळून करा. तेवढंही जमलं नाही, तर सोमवारपासून वरचं स्वयंपाकघर वेगळं आणि खालचं वेगळं. मला रोजचा हा तमाशा नको." सासूबाई बोलल्या म्हणजे करणारच.

धाकटीला वेगळं व्हायचं नव्हतं. भांडण होतं ते होतंच, पण या घरात मन मोकळं करायला जाऊबाईंशिवाय होतं कोण? बोलणं बंद झाल्यापासून त्यांना सांगायच्या गोष्टी नुसत्या साठत चालल्या होत्या.

कोबी धुवायचा, एवढाच उपाय. तिने पातेल्याला हात घातला, तोच थोरली आत आली. दोघी थबकल्या. थोरलीने पातेल्याकडे पाहिलं, मग ओट्याखाली बसलेल्या बोक्याकडे.

"काय रे बोक्या, अंगणात खुर्च्या कोण मांडणार? तू?"

गेला महिनाभर घरचा सगळा कारभार असाच चालला होता. बोक्याशिवाय पान हलत नव्हतं.

"बोक्या, सांग त्यांना, जातेय म्हणावं," धाकटी म्हणाली आणि पाय आपटत बाहेर पडली.

खुर्च्या मांडताना तिचा सगळा जीव स्वयंपाकघराच्या खिडकीत. पाहुणे यायला लागले. मामेसासऱ्यांनी आपल्या गुडघ्याचं गाऱ्हाणं सुरू केलं, ते काही केल्या संपेना. शेवटी थोरली सरबताचा ट्रे घेऊन बाहेर आली. तिच्या बाह्या कोपरापर्यंत भिजल्या होत्या. धाकटीने ते पाहिलं, पण विचार करायला वेळ होता कुठे? ती आत पळाली.

कोबी चाळणीत निथळत होता. पिळून ठेवलेला दिसतोय, ती मनाशी म्हणाली. चाखायच्या भानगडीत न पडता तिने चाळणी नळाखाली धरली, कोबी खळखळून धुतला, मुठीमुठीने पिळला, लिंबू-तेल घालून कालवला आणि हुश्श केलं.

जेवणं सुरू झाली. सासूबाईंनी पहिला घास सॅलडचाच घेतला. चावला. पुन्हा चावला.

"अगं, याला मिठाचा कण तरी लावलाय का?"

धाकटीने थोरलीकडे पाहिलं. थोरली तिच्याकडेच बघत होती, चेहरा पांढराफटक. त्या भिजलेल्या बाह्या! म्हणजे जाऊबाईंनीही चाखला होता. त्यांनीही गुपचूप धुतला होता.

"कुणी बोलणार आहे का?" सासूबाईंनी चमचा खाली ठेवला. मामेसासऱ्यांचा गुडघासुद्धा गप्प झाला.

थोरली उठली. आत जाऊन मिठाची बरणी घेऊन आली आणि धाकटीच्या खुर्चीपाशी येऊन उभी राहिली.

"मीठ घालू का गं? की तू घालतेस?"

धाकटीने सवयीने खाली, टेबलाखाली, आजूबाजूला बोक्याला शोधलं. बोक्या पार लांब कुंपणावर जाऊन झोपला होता.