उभ्या लहरींचं चित्र

उपग्रहाचं रडार बर्फाळ समुद्रावर आडव्या लहरी सोडतं आणि परतलेल्या आडव्या आणि उभ्या लहरींची दोन चित्रं पाठवतं. आडव्या लहरींच्या चित्रात खवळलेलं पाणी आणि बर्फ सारखेच पांढरे दिसतात. उभ्या लहरींच्या चित्रात फक्त बर्फ. त्यावरून मी वीस वर्षं जहाजांसाठी नकाशे रंगवतेय. आज माझ्याच नकाशांवर शिकलेल्या प्रोग्रामसाठी साहेबांनी केक कापला. “शंभरातले अठ्ठ्याण्णव नकाशे हुबेहूब ताईंसारखे! दोनच चुकले. ताईंनी पाणी दाखवलंय, हा शहाणा बर्फ म्हणतो.” ते दोन मी घरी पळायच्या घाईत रंगवले होते, उभ्या लहरींचं चित्र उघडलंही नव्हतं. पाट्या टाकल्या होत्या. बर्फच होता तिथे. “ताईंची नजर ती नजर! त्याला तसंच शिकवा, उद्यापासून जहाजं त्याच्याच भरवशावर,” साहेब म्हणाले. टाळ्या वाजल्या. “ताई, बोला!” माझी मलाच शिसारी आली. तोंडातला केक थुंकावासा वाटला. तो गिळून मी म्हणाले, “थँक्यू, सर.”