पिंजऱ्यातलं गवत

पिंजऱ्यात गवत उगवलं होतं.

डेल उर्किडी घोड्यावरून उतरला, चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. चांगलं पोटरीला लागेल एवढं गवत! त्याने कपाळावर हात मारला. तासाभरात कुरण खात्याची बाई मोजणीला येणार होती.

पिंजरा म्हणजे खाटेएवढी चौकट, चारी बाजूंनी कंबरभर जाळी आणि वरूनही जाळीच. नेवाडाच्या या सरकारी माळावर खात्याने तो मुद्दाम ठेवला होता, गुरांचं तोंड आत पोचू नये म्हणून. आत गवत किती, बाहेर किती, एवढंच मोजायचं. फरक जास्त निघाला की गाई कमी करायच्या. डेलच्या तीनशे गाई राहणार की दीडशे, ते आज ठरायचं होतं. दीडशेत घर चालत नाही, हे तो जाणून होता.

पिंजरा आधी ओढ्याकाठी होता. तिथला फरक आंधळ्यालाही कळला असता. म्हणून दोन वर्षांपूर्वी डेलने डोकं लढवलं आणि तो गाडीत टाकून मैलभर लांब, या टकल्या टेकाडावर आणून ठेवला. आतही माती, बाहेरही माती. त्याची बायको नेडीन म्हणाली होती की सरकारी वस्तूला हात लावाल तर एक दिवस अंगाशी येईल. पण खात्याला पत्ता लागला नाही. तिथला माणूस दरवर्षी बदलायचा, आणि नव्याची फाइल वाचून होण्याआधी त्याचीही बदली व्हायची.

गावच्या सभेत तर डेलने छातीठोकपणे सांगितलं होतं की आमच्या गाईंना उगीच नावं ठेवू नका, या भुईत मुळात काही उगवतच नाही, चार पिढ्यांचा अनुभव आहे. टाळ्या पडल्या होत्या.

आणि आता हे. दोन वर्षं कुणी तोंड लावलं नाही, तेवढ्यावर उगवलं होतं मेलं!

डेलने गुडघे टेकले, जाळी तिरकी केली आणि उपटायला सुरुवात केली. एक मूठ झाली, दुसरी झाली. तिसऱ्या मुठीत दाणे आले, काळे, टपोरे. त्याचा हात थांबला. आजोबा सांगायचे, या खोऱ्यात दाण्याचं गवत घोडेस्वाराच्या रिकिबीला घासायचं. आजोबा अस्वलाशी कुस्ती खेळल्याचंही सांगायचे, त्यामुळे घरात कुणी ते मनावर घेतलं नव्हतं. म्हातारा निदान गवताचं खरं बोलत होता तर. डेलला एकदम भरून आलं, आणि स्वतःची लाजही वाटली. साठ वर्षं तो या टेकाडावरून जात होता. चौथी मूठ काही त्याच्याने भरवेना.

तेवढ्यात धुरळा उडवत जीप आली. लिनेट पार्क्स, खात्यातली यंदाची नवी बाई, उतरून त्याच्या हाताकडे बघत राहिली.

“मिस्टर उर्किडी, गवत तुम्ही उपटताय?”

“हो. आणि पिंजरा इथला नाही, ओढ्याकाठचा आहे. मीच हलवला. करा गाई कमी.”

बोलून टाकल्यावर त्याला बरं वाटलं. लिनेटचा चेहरा मात्र पडला. ती जीपमध्ये जाऊन साहेबांशी फोनवर बराच वेळ बोलली. परत येऊन तिने सगळं समजावून सांगितलं. जागा बदललेला पिंजरा पुरावा म्हणून चालत नाही, त्यामुळे दोन वर्षांचे आकडे बाद. नवी पाहणी करायला खात्याकडे माणसं नाहीत. पाहणी नसली की चराईचा परवाना जुन्याच अटींवर पुढे चालू, दहा वर्षं. गाई तीनशेच्या तीनशे. हलवाहलवीबद्दल एक समजपत्र घरी येईल, ते फाइलला लावून ठेवावं.

तिने त्याचं अभिनंदन केलं आणि पिंजरा जीपमध्ये घालायला वाकली. इथं आता त्याचं काही काम नाही, म्हणाली. टेकाडाखालून पाच-सहा गाई माना वर करून बघत होत्या.

डेलने दोन्ही हातांनी जाळी धरून ठेवली.

“हा राहू द्या, बाई,” तो म्हणाला. “आणि याच्यापेक्षा मोठा कुठं मिळतो, तेवढं सांगा.”