बारावा डबा

"म्हणजे हा शेवटचा?" तिने विचारलं.

ऑपरेटरकाकांनी डब्याचं झाकण काढलं आणि खिडकीतल्या भर उन्हात रीळ तपासायला घेतलं. धुऊन तयार झालेल्या फिल्मला उजेडाचं भय नसतं. अंधार लागतो तो कोऱ्या फिल्मला.

"माळ्यावर बाराच होते," ते म्हणाले. "तेराव्याची हौस असेल तर दिग्दर्शकाला गाठ."

थिएटर बंद पडलं तेव्हा प्रोजेक्टर काकांनी घरी आणला. त्यानंतर त्यांच्याकडे येणारं माणूस म्हणजे ही एकटीच. ती फिल्म धुणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी करायची आणि कुणी न पाहिलेले, विचित्र सिनेमे जमवायची. थिएटरच्या माळ्यावर सापडलेल्या एका अनाम दिग्दर्शकाचे सिनेमे काका तिला दाखवत. महिन्याला एकच. डबा साफ करायला तेवढा वेळ जातो, असं ते सांगत.

काकांनी खिडकी लावली आणि प्रोजेक्टर सुरू झाला. भिंतीवर एक टेबल, दोन कप. एका हाताने एका कपात चहा ओतला. दुसरा कप तसाच राहिला. नऊ मिनिटांत संपलं.

"लोकांनी तिकिटाचे पैसे परत मागितले असते," काका म्हणाले.

"बाकीचे सिनेमे सारखे दंडाला धरून ओढतात, काका. इकडे बघ, आता रड. हा आपला नुसता शेजारी बसतो." ती अजून रिकाम्या भिंतीकडे बघत होती. "दिग्दर्शक एकटा राहत असेल, नाही? बारा सिनेमे झाले, दुसरा कप काही भरला नाही."

"असेल बुवा."

ती हात धुवायला उठली.

"बाथरूम नको. नळ गळतोय."

"वर्ष झालं गळतोय," म्हणत ती स्वयंपाकघरात गेली.

काकांनी खिडकी उघडली आणि रीळ उलटं गुंडाळलं. घाई नव्हती, तरी दोनदा गुंडाळलं.

"आता काय, दाखवायला काही उरलं नाही," ती परतल्यावर ते म्हणाले. "उगाच कशाला हेलपाटा घालशील."

तिने पिशवीतून एक डबा काढून टेबलावर ठेवला. कडेने काळी चिकटपट्टी होती.

"जुन्या बाजारात मिळाला. तेरावा असावा. बघा साफ होतोय का. पुढच्या महिन्यात येते."

काका डबा घेऊन सवयीने खिडकीकडे वळले. नख पट्टीखाली गेलंच होतं.

"इथे नको, काका," ती दारात चपला घालत म्हणाली. "बाथरूममध्ये. अंधार करून उघडा."